ताईच्या वरचं घर

ज्या घरात काहीच खोट सापडत नाही, त्या घराची भिंगला सगळ्यात जास्त धास्ती वाटे.

भिंग हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचा. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, कुणाची गाडी झाडावर आदळली, की कंपनी त्याला पाठवी. मग दुकान जळालं की जाळलं, पाणी वरून आलं की कुणी नळ उघडा ठेवला होता, हे तो डागावरून, वासावरून, माणसाच्या अडखळण्यावरून ओळखी. कचेरीत त्याला भिंग म्हणत. ते साडूच्या कानावर गेलं आणि मग सासरीही तेच रुळलं. त्याला त्याचा राग नव्हता, उलट जरा अभिमानच होता. पण वर्षानुवर्षं खोटं हुंगत फिरलं की नाकाला दुसरा वास येईनासा होतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोनं सांगितलं होतं म्हणा. पण बायकोचं म्हणणं तो पुरावा धरत नसे.

घर बदलायचं निघालं ते चिऊमुळे. त्यांची ही एकुलती लेक आता शाळेत घालायची झाली होती. राहत होते ते भर शहरात, एका छापखान्याच्या वर. खाली यंत्र सुरू झालं की मांडणीतले चमचे आपोआप वाजायला लागत. जवळच्या शाळेत एकेका वर्गात इतकी पोरं कोंबलेली, की वर्ष संपलं तरी बाईंना सगळ्यांची नावं येत नसत. आणि प्रश्न एकट्या चिऊचा नव्हता. भिंगची बायको दोन बहिणींतली लहान, म्हणून सगळ्यांची ‘धाकटी’. लग्नाआधीपासून ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. मोडलेल्या हातापायांना पुन्हा चालतं करायची. चिऊ झाली आणि काम सुटलं. आता इस्पितळानं तिला परत बोलावलं होतं. शाळा सुरू होतील तेव्हा हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं स्पष्ट सांगितलं होतं. दुपारी चिऊला सांभाळणारं भरवशाचं माणूस मिळालं तर धाकटी कामावर जाणार, नाहीतर कायमची घरी बसणार. एवढं सगळं एका घरावर अडलं होतं.

त्यांनी उपनगरं पालथी घातली. एका ठिकाणी शाळा नामांकित, पण ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. दुसरीकडे धाकटीची मावसबहीण होती. पण तिथल्या मुख्याध्यापकांनी शिक्षकांपेक्षा शाळेच्या नव्या कमानीबद्दलच जास्त सांगितलं, तेव्हा भिंगनं त्या उपनगरावर फुली मारली. उरलं ते ताईचं उपनगर.

ताई म्हणजे धाकटीची थोरली बहीण. दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि पुढच्या मोठ्या खोलीत पाळणाघर चालवायची. तिचा नवरा, म्हणजे भिंगचा साडू, लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दिवसभर माणसं वर-खाली करून संध्याकाळी थट्टेच्या मूडमध्ये घरी यायचा. शाळा रस्त्याच्या टोकाला, चालत जाण्याजोगी. जवळच्या रस्त्यांवरच्या मुलांना आधी प्रवेश. आणि योगायोग असा, की ताईच्या बरोब्बर वरचं घर रिकामं होत होतं. घरमालकीण एक निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्या मुलाकडे राहायला निघाल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “घर तुमच्यासाठी ठेवलंय. शाळेचे प्रवेश सुरू व्हायच्या आत सांगा, म्हणजे झालं.”

दुसरा कुणी असता तर दोन्ही हातांनी हे घर घेतलं असतं. भिंगच्या डोक्यात मात्र किडा वळवळला. एवढ्या चांगल्या शाळेजवळचं घर, ज्यावर लोकांच्या उड्या पडाव्यात, ते कुणी नुसत्या शब्दावर का अडवून ठेवील?

घर बघायला गेला तेव्हा त्यानं खिशातून गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. जमीन कुठे कललेली असेल तर गोटी तिकडे पळते, ही त्याची नेहमीची परीक्षा. गोटी जागची हलली नाही. त्यानं भिंती बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिल्या, कपाटामागे विजेरी मारली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात नाक खुपसलं. नवा रंग नव्हता. नवा रंग असता तर बरं झालं असतं, काय लपवलंय ते तरी कळलं असतं.

“काय भिंगसाहेब,” साडू दारातून म्हणाला, “प्रेतबित सापडलं का?”

“घर एवढं चांगलं असताना सिस्टर सोडून का चालल्यात?”

“मुलगा बोलावतोय म्हणून.”

“मुलगा आत्ताच का बोलावतोय?”

साडूनं कपाळाला हात लावला. “तुमचा विश्वास तर पानिपतावरच गेला, साहेब. मुलगा आईला बोलावतो, यातही काळंबेरं?”

भिंग हसला, पण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. स्वयंपाकघरात ताई आणि धाकटी कुजबुजत होत्या आणि तो पाऊल टाकतो न टाकतो तोच गप्प झाल्या. ताई घाईघाईनं चहाचे कप विसळायला लागली. कप आधीच विसळलेले होते.

खाली उतरल्यावर त्यानं सहज म्हटलं, शाळेच्या मागच्या रस्त्यावरही एक घर आहे म्हणे, तेही बघू. ताई चटकन म्हणाली, “तिकडे नको जायला, भाऊजी. तिकडे काही नाही बघण्यासारखं.” बोलताना तिनं धाकटीकडे पाहिलं आणि धाकटीनं जमिनीकडे. दावेदार खोटं बोलतो तेव्हा त्याची बायको नेमकी अशीच जमिनीकडे बघते, हे भिंगनं कितीतरी वेळा पाहिलं होतं.

घरी आल्यावर चिऊ झोपली तसा त्यानं विषय काढला.

“ताई एवढी मागे का लागलीय?”

“मागे कसली? मदत करतेय.”

“आधी महिन्या-पंधरा दिवसांनी एखादा फोन यायचा. आता रोज येतो. काहीतरी कारण असणार.”

“घर बघतोय आपण! म्हणून येतो.” धाकटीचा आवाज चढला. “आणि कारण म्हणजे काय रे? माझी बहीण आहे ती.”

“बहीण काय आज झाली का?”

धाकटीनं चादरीची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग म्हणाली, “मन चिंती ते वैरी न चिंती, तसं आहे तुझं. मला कामावर जायचंय. चिऊ ताईजवळ असेल तर माझं लक्ष कामात लागेल. तू काय ते एकदाचं ठरव, पण या आठवड्यात ठरव.”

ती चिडली होती आणि तिचं बरोबर होतं, हे भिंगलाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि किडा मरणं वेगळं. आपली लेक रोज दुपारी ज्या खोलीत राहणार, त्या खोलीबद्दल एकदा खात्री करून घेतली तर कुणाचं काय बिघडलं, असं त्यानं स्वतःला पटवलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या गृहस्थाचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तो नुसताच जन्मभर फुंकत बसला होता.

त्याच्या धंद्यात एक नियम होता. ज्याच्यावर संशय आहे त्याला काही विचारायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं. म्हणून एका दुपारी, ताई पोरांना झोपवत असेल अशी वेळ साधून, तो एकटाच त्या रस्त्यावर गेला. येताना सरळ कामावरून आला होता. अंगात कंपनीचा करडा कोट होता आणि गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं. ते काढून ठेवावं हे त्याला सुचलंच नाही. खरं तर ते गळ्यात नसतं तर तोंडातून प्रश्न फुटले असते की नाही, कोण जाणे.

इमारतीच्या तळमजल्यावर एक काकू राहत. त्या पाणी घालायची झारी घेऊन कुंड्यांशी उभ्या होत्या.

“वरच्या पाळणाघराच्या बाई कशा आहेत?” भिंगनं विचारलं.

“चांगल्या आहेत की. का हो?”

“कधी काही तक्रार? एखादं मूल पडलं, लागलं, असं काही कानावर?”

काकूंची झारी वाकडी झाली आणि पाणी कुंडीऐवजी त्यांच्या चपलेवर पडलं. त्यांनी ओळखपत्राकडे पाहिलं. “नाही बाई, तसं काही… काही झालंय का?”

आणि इथे भिंगनं तेच उत्तर दिलं, जे तो आयुष्यभर सगळ्या शेजाऱ्यांना देत आला होता. त्याच्या दृष्टीनं ते सगळ्यात सुरक्षित, कुणाला न दुखावणारं उत्तर होतं. “मी त्याबद्दल काही सांगू शकत नाही.”

मग तो शाळेसमोरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात गेला. तिथे एक दंतवैद्य बाई मुलासाठी खोडरबर घेत होत्या. त्यांचा मुलगा ताईकडेच असतो, हे बोलण्यातून निघालं. त्यांनाही त्यानं तेच विचारलं. पोरांवर आवाज चढवतात का, दुपारी दार आतून बंद असतं का, बाहेरचं कुणी येतं का. बाईंचा चेहरा उतरत गेला. “मुद्दाम विचारायला आलात म्हणजे काहीतरी असेल ना?” भिंग पुन्हा म्हणाला, “मी त्याबद्दल काही सांगू शकत नाही,” आणि वर धीर द्यावा म्हणून, “घाबरायचं कारण नाही,” हेही म्हणाला. घाबरू नका असं विम्याचा माणूस म्हणाला की कोण घाबरत नाही?

शाळेच्या मागच्या रस्त्यावरही तो जाऊन आला. रस्ता नीटनेटका, झाडं, शांतता. पण रस्त्याच्या मध्यावर एका कारखान्याचं धुराडं होतं आणि वारा फिरला तसा जळक्या रबराचा वास थेट घशात गेला. ताई म्हणाली होती ते खरं होतं तर. पण भिंगच्या मनानं लगेच पुढची पायरी गाठली: याबाबत खरं बोलली, म्हणजे दुसऱ्या कशावर तरी पांघरूण घालत असणार. चौकशीत ताईविरुद्ध काहीच सापडलं नव्हतं, तरी तो परतला तो पूर्वीइतकाच साशंक. सगळं इतकं स्वच्छ असतं कुठे!

त्यानंतर चारसहा दिवसांत ताईचा फोन आला. धाकटी बराच वेळ नुसतं “हो… हो… अगं पण कुणी?” एवढंच म्हणत होती. फोन ठेवून ती भिंगसमोर येऊन बसली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते.

“ताईकडची पोरं कमी व्हायला लागलीत. दंतवैद्य बाईंनी त्यांच्या मुलाला काढलं. मग दुसरी दोन गेली, मग आणखी. कुणी म्हणतं आजी आलीय सांभाळायला, कुणी म्हणतं गावाला चाललोय. खरं कुणी बोलत नाही. शेवटी दुकानदारानं सांगितलं, विमा कंपनीचा कुणी माणूस येऊन पाळणाघराची चौकशी करून गेला म्हणे.”

भिंगच्या हातातला पेला हातातच राहिला.

“ताई म्हणते, भाऊजी त्याच धंद्यात आहेत, त्यांना म्हणावं जरा शोधून काढा कोण होता तो. रविवारी ती पालकांना बोलावतेय. तू ये आणि सगळ्यांसमोर सांग, कंपनीकडे तिच्याविरुद्ध काही नाही म्हणून. तुझं ऐकतील लोक.” धाकटीनं त्याच्या हातावर हात ठेवला. “येशील ना?”

भिंगनं मान हलवली. हिला कळलंय का? दोघींना कळलंय आणि आपल्यालाच बोलतं करायचा हा डाव आहे का? पुढचे दोन दिवस तो बायकोच्या प्रत्येक वाक्याला आतून-बाहेरून चाचपत होता. ती चहात साखर घालायला विसरली तरी त्याला त्यात काहीतरी दिसे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. धाकटीला काही कळलेलं नव्हतं. तिला नवऱ्याचा आधार वाटत होता, आणि तो आधार वाटणंच त्याला जास्त खुपत होतं.

रविवारी ते तिघं लवकरच पोचले. पाळणाघराच्या खोलीत सतरंज्या गुंडाळून भिंतीशी लावल्या होत्या आणि बुटक्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. चिऊ आल्या आल्या लाकडी ठोकळ्यांवर तुटून पडली. ताई एकदम वाळल्यासारखी दिसत होती. साडूनंसुद्धा एकही विनोद केला नाही. सिस्टरचं सामान मुलाकडे गेलं होतं, त्या नुसत्या किल्ली द्यायला थांबल्या होत्या. धाकटी साडूबरोबर त्यांना बोलवायला वर गेली तेव्हा भिंग आणि ताई दोघंच स्वयंपाकघरात राहिले.

“भाऊजी, तुम्ही आलात, बरं वाटलं,” ताई म्हणाली. “मी कुणाचं काय वाकडं केलंय, तेच कळत नाही मला. झोप लागत नाही.”

भिंगनं गॅसकडे बघत विचारलं, “ताई, एक विचारू? त्या दिवशी आम्ही घर बघायला आलो, तेव्हा मी आत आल्यावर तुम्ही दोघी गप्प का झालात?”

ताई ओशाळली. “कळलं होय तुम्हाला? अहो, मी तुमच्या आधी सगळी घरं पायी फिरून बघून आले होते. मागच्या रस्त्यावरचंही. तिथे तो धूर आहे, चिऊच्या छातीला बरा नाही. पण धाकटी म्हणाली, तू बघून आलीस असं त्याला सांगू नको, नाहीतर तो म्हणेल ताईनं आधीच ठरवून टाकलंय. म्हणून आम्ही आपलं तोंड मिटून घेतलं. रागावू नका हं.”

“आणि सिस्टरनी घर का ठेवलं आमच्यासाठी?”

“मी म्हटलं त्यांना, माझी बहीण आहे, ठेवा. त्या ‘बरं’ म्हणाल्या.”

“एवढंच?”

“अजून काय असणार?”

“पण तुम्हाला आम्ही इथे का हवे आहोत, ताई? कारण काय?”

ताईला प्रश्नच कळला नाही. तिनं ओले हात पदराला पुसले आणि काहीतरी राहून गेलं की काय अशा नजरेनं त्याच्याकडे पाहिलं. “कारण कशाला हवं? वर धाकटीच्या पावलांचा आवाज येईल. बरं वाटेल मला.”

भिंगनं अजून थोडा वेळ वाट पाहिली. सवयीनं. पण पुढे काही नव्हतं. सगळं कारण एवढंच होतं आणि ते एवढं उघड्यावर पडलेलं होतं की त्याच्या विजेरीच्या उजेडात ते कधी आलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण बाहेर दाराची घंटा वाजली होती.

एकेक जण आत आले. मोठी माणसं बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसली. दंतवैद्य बाई आल्या, त्यांचा मुलगा धावत चिऊकडे गेला. धाकटी आणि साडू सिस्टरना घेऊन खाली आले. सगळ्यात शेवटी तळमजल्यावरच्या काकू आल्या, कुणी बोलावलं नसताना, काय चाललंय ते बघायला.

ताई उभी राहिली. “माझ्याबद्दल कुणीतरी चौकशी केली म्हणे. मला त्यातलं काही माहीत नाही. हे माझ्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीतच आहेत. ते तुम्हाला खरं काय ते सांगतील.”

भिंग उठला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या गळ्याकडे पाहिलं. आज तिथे काही लोंबत नव्हतं. त्यांच्या भुवया हळूहळू वर जायला लागल्या. दंतवैद्य बाईही मान कलती करून निरखत होत्या. त्या बोलायच्या आत तो बोलला. मनापासून बोलला की पकडला जाणार म्हणून बोलला, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

“तो माणूस मीच.”

खोलीत ठोकळे पडल्याचा आवाज तेवढा झाला. चिऊचा मनोरा कोसळला होता.

“कंपनीनं पाठवलं नव्हतं. माझा मीच आलो होतो. वरचं घर घ्यायच्या आधी खात्री करावी म्हणून. मला ताईंबद्दल काही वावगं सापडलं नाही. त्यांच्याबद्दल काही नाहीच. मी उगाच… माझं चुकलं. तुम्ही पोरं परत पाठवा.”

त्याला वाटलं होतं, आता सगळे सुटकेचा श्वास टाकतील. त्याच्या धंद्यात तसंच व्हायचं. खरं कळलं की प्रकरण मिटायचं. पण कुणी श्वास टाकला नाही. उलट एका कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली. मग एक वडील म्हणाले, “म्हणजे हे घरचेच आहेत.”

“हो ना,” दुसरं कुणी म्हणालं. “बाहेरचा असता तर गोष्ट वेगळी. घरच्या माणसालाच खात्री करावीशी वाटली, म्हणजे काहीतरी पाणी मुरत असणारच की.”

“नाही हो!” भिंग जवळजवळ ओरडला. “काही नाही! मी शोधलं, काही नाही!”

“पण शोधत काय होतात?” दंतवैद्य बाईंनी विचारलं. त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “काहीतरी वाटलं असेल ना तुम्हाला? उगाच कोण शोधतं?”

भिंगनं मनातल्या मनात कारणं मोजली. ताई माझ्या बायकोशी रोज फोनवर बोलायची, म्हणून? कप दोनदा विसळले, म्हणून? घर फार चांगलं होतं, म्हणून? यातलं एकही वाक्य माणसांसमोर म्हणण्यासारखं नव्हतं. त्यानं आजवर शेकडो लोकांना अशा खुर्चीत बसवून घाम फोडला होता. आता तो घाम त्याच्याच पाठीवरून ओघळत होता.

“बरं, तुमची मुलगी तुम्ही इथे ठेवाल?” बाईंनी विचारलं.

“ठेवीन. नक्की ठेवीन.”

“मग वरचं घर अजून रिकामं का आहे?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं! ताई दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभी होती. ती भिंगकडे बघत नव्हती. गुंडाळलेल्या सतरंज्यांकडे बघत होती. साडूनं मान खाली घातली होती. पाळणाघर बुडवायचं जे काम एका चौकशीनं अर्धवट सोडलं होतं ते आता कबुलीनं पुरं होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा धाकटी उठली. ती नवऱ्याकडे गेली नाही. भिंतीशी जाऊन तिनं एक सतरंजी उलगडली, खोलीच्या मध्ये पसरली, चिऊला ठोकळ्यांसकट उचलून त्यावर बसवलं.

“माझी मुलगी उद्यापासून इथे असेल,” ती म्हणाली. “रोज. सिस्टर, वरचं घर आम्ही घेतलं. मी आणि चिऊ उद्याच राहायला येतो.” मग ती भिंगकडे वळली. तिचे शब्द सगळ्यांना ऐकू गेले. “तुझी चौकशी पुरी झाली की तू ये.”

दंतवैद्य बाईंचा मुलगा तेवढ्यात सतरंजीवर जाऊन चिऊशेजारी बसलाही होता आणि दोघांची एका पिवळ्या ठोकळ्यावरून ओढाओढ चालली होती. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “उद्या आणते मी याला,” शेवटी त्या ताईला म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. एकदोघांनी जाताना ताईच्या खांद्यावर हात ठेवला. काहीजण मात्र नजर चुकवून, मुलांचे उरलेले कपडे पिशवीत भरून गेले. ती मुलं परत यायची नव्हती, हे सांगायला भिंग लागत नव्हतं.

खोली रिकामी झाली. धाकटी सिस्टरबरोबर घर उघडायला वर गेली, साडूही गेला. चिऊ मावशीच्या मांडीवर चढून बसली. भिंग एकटाच खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात लावत होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण रिकाम्या हातांनी उभं राहणं त्याला जमत नव्हतं.

“ताई,” तो पाठमोराच म्हणाला, “तुम्ही मला काही बोलल्या नाहीत.”

“बोलणार आहे. खूप बोलणार आहे,” ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. “पाठच्या भावासारखं मानत होते मी तुम्हाला. तुम्ही वर येऊन विचारलं असतंत, तर सगळी कपाटं उघडून दाखवली असती.”

भिंगनं हातातली खुर्ची दुसऱ्या खुर्चीत घातली. वरच्या घरात कुणीतरी चालत होतं. धाकटीच असणार. ताईनं क्षणभर छताकडे पाहिलं, चिऊला खाली ठेवलं, डोळे पुसले आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली, “आता जेवायची वेळ झालीय. जेवून जा.”

आणि भिंगच्या मनात आलंच: एवढं झाल्यावर ही मला जेवायला का थांबवतेय?

तो विचार त्यानं स्वतःच ऐकला. इतका वेळ लाज वाटली, पश्चात्ताप झाला, सगळ्यांसमोर नाक घासलं, आणि किडा होता तिथेच जिवंत होता. ताई आत ताटं मांडत होती. तिनं हाक मारली तेव्हा तो गेला, हात धुतले, आणि तिनं वाढलं ते सगळं काहीही न विचारता खाल्लं.